आईने दाखवलेला गुडघा

माझं नर्सिंगचं दुसरं वर्ष चालू होतं, तेव्हा आई धुळ्याच्या आमच्याच दवाखान्यात रोगी म्हणून आली. अमळनेरला कापूस विकायला गेली असता बैलगाडीवरून उतरताना तिचा पाय चाकाच्या आऱ्यात अडकला आणि अंग वळलं. गुडघ्याच्या आतला बंध तुटला. मोठ्या सर्जननी मांडीतल्या स्नायूच्या आवरणाची पट्टी काढून तो नव्याने बांधला. आमच्याकडे असं ऑपरेशन पहिलंच होतं.

प्लास्टर निघालं, आई चालू लागली. पण घरी गेल्यावर चुलीपुढून उठताना गुडघा अर्धवट वाकलेला तसाच अडकून बसायचा. हलवून हलवून सोडवावा लागायचा. वडिलांनी तिला पुन्हा धुळ्याला आणलं. सर्जननी पाय ओढून पाहिला, फोटो काढला. पट्टी घट्ट होती. ते मला म्हणाले, तुझी आई घाबरते आहे, तिला रोज चालव. मी शिकाऊ मुलगी. मान खाली घालून मी ते आईला सांगितलं.

आईने मला बाजूला केलं आणि ती आपल्या अहिराणीत सरळ त्यांच्याशीच बोलली.

"डाक्टरभाऊ, तुम्ही बांधेल पट्टी पक्की शे. मझार दुसरं काही अडकस. दखा."

आत काय अडकतं ते दाखवायला खाटेचा दांडा धरून ती उकिडवी बसली, अंग जरा वळवलं, आणि गुडघा अडकला. वेदनेने तिचा चेहरा पांढरा पडला, तरी तिने सर्जनचं बोट धरून सांध्याच्या फटीवर नेमकं ठेवलं. ते तिच्यापुढे जमिनीवर बसले होते. बराच वेळ चाचपून ते तिला मराठीत म्हणाले, "आत हाडांमधली गादी फाटली आहे, बाई. चाकात पाय अडकला तेव्हाच फाटली असणार. माझ्या लक्षात आलं नाही."

रोग्यापुढे असं बोलणारा डॉक्टर मी तोवर पाहिला नव्हता.

दुसऱ्या ऑपरेशनला ट्रे धरून मी उभी होते. फाटका तुकडा वालाच्या शेंगेएवढा निघाला. आईला पुढे पूर्ण उकिडवं बसता आलं नाही. वडिलांनी तिच्यासाठी कमरेइतक्या उंच ओट्यावर चूल मांडून दिली. कापूस वेचायला मात्र ती पुढच्याच हंगामात गेली.

पुढच्या वर्षी सर्जन नव्या मुलींना शिकवत होते. आधी रोग्याला विचारा, म्हणाले, मला हे अमळनेरकडच्या एका शेतकरी बाईने शिकवलं. त्यांच्या मदतीला मागच्या बाकावर बसलेली मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "ती माझी आई."