किल्लीचं पुढं काय झालं

संपलेल्या मालिकेवर पुन्हा पिक्चर काढणं म्हणजे जेवण उरकून, हात धुऊन, सुपारी तोंडात टाकलेल्या माणसाला परत ताटावर बसवणं. हे माझं मत होतं आणि कुणी विचारलं नाही तरी मी ते सांगायचे. मी जालन्यात शाळेवर मराठी शिकवते, त्यामुळे गोष्ट कुठं संपावी हे ठरवायचा हक्क आपल्यालाच दिलाय असा माझा समज. आमच्या लहानपणच्या गुरुवारच्या मालिकेचा पुढचा भाग म्हणून पिक्चर येतोय असं पेपरात वाचलं, तेव्हा मी स्टाफरूममध्ये चांगलीच तणतणले. "मग तुम्ही जाऊ नका की," असं एक बाई डबा खाता खाता म्हणाल्या आणि विषय मिटला.

मिटला असता. पण त्याच संध्याकाळी गावाहून आईचा फोन आला.

"ते आपल्या शिरेलीचा पिक्चर जालन्याला लागून राह्यला म्हणं. मला न्यायचं."

आई आणि थेटर! पडदा मोठा दिसला की हिचं डोकं दुखायचं. लग्नाच्या व्हिडिओलासुद्धा ही उठून स्वयंपाकघरात जायची. पण मी का म्हणून विचारलं नाही, कारण का ते मला ठाऊक होतं. आईला पिक्चर नको होता. आईला काकू पाहिजे होती.

आमचं गाव तीर्थपुरीच्या अलीकडं, मुख्य रस्त्यापासून जरा आत. घरात बाबा आणि काका, आई आणि काकू, आम्ही पोरं, आणि चूल एकच. एका वर्षी कापूस बरा झाला तेव्हा दोघा भावांनी मिळून टीव्ही आणला. काळा-पांढराच, पण लाकडी दारांचा. दर गुरुवारी रात्री एक हिंदी मालिका लागायची. उत्तरेकडच्या कुठल्याशा शहरातलं वकिलाचं घर, घराचा जुना छापखाना, आणि तो चालवणारी थोरली सून. नवरा असून नसल्यासारखा. दीर-नणंदा, सासरे, छापखान्यातली माणसं, सगळ्यांचं ती करायची आणि सगळ्यांची बोलणीही तीच खायची.

आईला हिंदी येत नव्हतं. तिचं माहेर गोदाकाठचं, तिकडं हिंदीशी कुणाचं काय काम पडणार? काकूचं माहेर मात्र जालन्यातलं, दोन्ही बाजूला उर्दू बोलणारे शेजारी, त्यामुळे ती भाषा काकूच्या तोंडात गुळासारखी विरघळायची. तेव्हा मालिका बघायची काकूनं आणि ऐकायची आईनं, अशी वाटणी झाली. पडद्यावरची बाई बोलली की आई काकूला कोपरानं ढोसायची.

"काय म्हणली गं?"

"म्हणली, ह्या घरानं मला मशीनच समजून घेतलंय बाई. पर मशीनला बी कुणी तेल घालतं, मला त्येवढं बी न्हाई."

आई पदर डोळ्याला लावायची. पुढं शाळेत हिंदी शिकले तेव्हा माझ्या लक्षात आलं की पडद्यावरची बाई नुसतं "मी थकले" एवढंच म्हणायची. मशीन, तेल वगैरे सगळं काकूच्या पदरचं. ज्यानं कुणी ती मालिका लिहिली त्यानं काकूच्या पायाचं तीर्थ घ्यायला हवं होतं, हे मी आजही म्हणेन.

शेवटच्या भागात त्या सुनेनं छापखान्याला कुलूप लावलं, किल्ली धाकट्या दिराच्या हातावर ठेवली आणि ती टांग्यात बसली. टांगा लांब गेला, आणि संपलं. आई टीव्हीकडं बघतच राहिली, जणू आणखी थोडं आत शिल्लक असेल.

"म्हंजे? गेली कुठं? माहेरी का कायमची?"

काकू उठली. ती आत गेली आणि नारळ घेऊन आली. आमच्याकडं पोथी लावली की शेवटच्या अध्यायाला समाप्ती करतात, नारळ फोडतात, खोबरं-साखर वाटतात. काकूनं तेच केलं. टीव्हीला हळदीकुंकू लावलं, उंबऱ्यावर नारळ फोडला आणि त्यातलं पाणी टीव्हीवर शिंपडायला निघाली तेव्हा बाबा ओरडले, "आगं, आत करंट हाय!" आम्ही पोरं हसून हसून लोळलो.

"झाली समाप्ती," काकू खोबऱ्याचा तुकडा आईच्या हातावर ठेवत म्हणाली. "पोथीच्या पुढलं इचारत नसतेत, बाई."

आईला हे पटणं शक्य नव्हतं. पुढच्या गुरुवारी, त्याच वेळेला, काकू भाकरी थापत होती आणि आई तव्यावरची उलटत होती. आई हळूच म्हणाली, "धाकटे, किल्लीचं पुढं काय झालं?" काकूनं आधी डोळे वटारले. मग भाकरी थापता थापता सांगायला लागली. दिरानं किल्ली खुंटीला लावली. तिच्यावर कोळ्यानं जाळं धरलं. छापखान्यात उंदीर झाले. आणि तिकडं ती बाई माहेरी झोपेत हात हलवायची, मशीन चालवल्यासारखे. असा दर गुरुवारी एक घास. आई फार मागं लागली की आता तिला घरी आण, तर काकू म्हणायची, "आणली की संपलं. मंग मी काय बोलू तुमच्यासंगं?"

मला वाटतं माझं सगळं मराठी मी त्या चुलीपुढं शिकले.

मग बांधावरच्या एका बाभळीवरून दोघा भावांचं वाजलं. बाभूळ कुणी तोडली, कुणाच्या हिश्श्याची होती, हे आता त्या दोघांनाही नीट सांगता येणार नाही. पण शब्दानं शब्द वाढला, चुली वेगळ्या झाल्या, आणि काका बिऱ्हाड घेऊन जालन्याला निघाले. एमआयडीसीत सळई ओढायच्या कारखान्यात त्यांना काम मिळालं होतं. टेम्पो दारात उभा असताना बाबा रागाच्या भरात आईला सगळ्यांदेखत बोलून गेले, "त्यांच्या उंबऱ्यावर पाय ठिवशील तर माझं मेलेलं तोंड बघशील." काका मागं राहतात होय? त्यांनीही काकूला तीच आण घातली. टेम्पोत फळ्या, पेट्या, गाद्या आणि त्या सगळ्यावर काकू बसली होती. आई पिठाचे हात घेऊन दारात उभी होती. दोघींपैकी एकही रडली नाही. मी खूप रडले, कारण मला वाटलं की आता किल्लीचं पुढं काय झालं हे कधीच कळणार नाही.

भाऊ नंतर निवळले. कुणाच्या मयतीला भेटले तर तंबाखूची डबीसुद्धा एकमेकांपुढं करायचे. पण आण काही कुणी उतरवली नाही, आणि बायकांनी ती पाळली, नुसत्या उंबऱ्यापुरती नाही, ठरवून कुठंच भेटायचं नाही इथपर्यंत. पुरुष बोलून मोकळे होतात, पाळायचं बायकांनी. नात्यात लग्न निघालं की एक घर हळदीला जायचं, दुसरं लग्नाला. माझ्या लग्नात काकू आली नाही. जालन्यात सासरी आले तर काकूचं घर रिक्षानं अगदी जवळ, पण आई जिथं जाऊ शकत नाही तिथं मी कशी जाऊ, म्हणून मीही गेले नाही. चुलतबहीण भाजीबाजारात भेटायची. आम्ही दोघी सगळ्या जगाचं बोलायचो आणि आयांचं तेवढं टाळायचो.

म्हणून फोनवर मी आईला विचारलं, "काकूला निरोप देऊ का?"

"बिलकुल न्हाई. ठरवून भेटले तर आण मोडली. तुझ्या बापाच्या जिवावरची हाय ती. आपसूक गाठ पडली तर देवाची मर्जी, त्यात माझा काय दोष? थेटर का तिचा उंबरा हाय का माझा?"

"पण ती येईलच कशावरून?"

"न येऊन जाती कुठं? किल्लीचं तिला बी ठाऊक करून घ्यायचंच हाय की."

"बरं, कोणत्या दिवशी येतेस?"

"आसं काय इचारतीस येड्यावानी? गुरुवारी."

गुरुवारी दुपारी आई एसटीतून उतरली ती मोरपंखी लुगडं नेसून. काकूबरोबर घेतलेलं, दोघींचं एकसारखं. हातात पिशवी, पिशवीत खोबऱ्याची वाटी आणि साखरेची पुडी. समाप्तीची तयारी करूनच आली होती. थेटरात गर्दी नव्हती, दुसऱ्या दिवशी पिक्चर बदलणार होता. आईनं कडेची जागा सोडून आतली घेतली आणि कडेच्या खुर्चीवर पिशवी ठेवली.

"मावशी, पिशवी खाली घ्या," डोअरकीपर बॅटरी मारत म्हणाला.

"माणूस येणार हाय."

त्यानं रिकाम्या खुर्च्यांवरून बॅटरी फिरवली आणि तो दाराकडं वळला.

पिक्चर मला भीती होती तसाच निघाला. सुरुवातीलाच थोरली सून परत. केस पांढरे, टांग्याच्या जागी मोटार. दिरानं किल्ली कुठल्याशा चांदीच्या डबीत जपून ठेवलेली. ना कोळ्याचं जाळं, ना उंदीर. किल्ली लावल्याबरोबर कुलूप उघडलं आणि गाणं सुरू झालं. मी मनातल्या मनात दात खात होते. आईनं मला कोपरानं ढोसलं.

"काय म्हणली?"

"मी परत आले, म्हणतेय."

"येवढंच?"

"एवढंच."

पुन्हा तिनं विचारलं नाही. दाराचा पडदा हलला, उजेडाची पट्टी आत आली की ती वळून बघायची. कुणी बाथरूमला गेलेला माणूस परत येत असायचा. इंटरव्हलला ती व्हरांड्यात जाऊन जिन्यापर्यंत बघून आली. संपल्यावर दिवे लागले, लोक उठले, तरी ती पिशवीवर हात ठेवून बसून होती. बाहेर आलो तेव्हा पोरं जुन्या पोस्टरवर नवीन पोस्टर चिकटवत होती.

"बरं नसंल तिला," आई रिक्षात म्हणाली. घर आल्यावर म्हणाली, "इसरली असंल. शहरात माणसाला काय काय ध्यानात ठिवावं लागतं." खोबऱ्याची वाटी तिनं माझ्या फडताळात ठेवली, भाजीत घाल म्हणाली. मला काकूचा इतका राग आला की मी भांडी आदळली. एवढ्या आशेनं आलेलं माणूस रिकाम्या खुर्चीशेजारी बसवून पाठवायचं असतं का कुणी?

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला बरोबर द्यायला भाजी आणावी म्हणून बाजारात गेले, तर चुलतबहीण मेथीची जुडी निवडत उभी. मी इकडचं तिकडचं बोलायचं म्हणून पिक्चरचा विषय काढला.

"नाव नको काढूस," ती म्हणाली. "आईला नेलं होतं ना मी. गेल्या शुक्रवारी, अगदी पहिल्याच दिवशी. मी म्हटलं गर्दी असते, नंतर जाऊ, तर ऐकायलाच तयार न्हाई. म्हणे, पिक्चर शुक्रवारी लागतो, बाई, म्हंजे तुझी आई, पहिल्याच दिवशी येणार. शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठिवून बसल्ती. त्या खुर्चीवरून लोकांशी भांडली. पिक्चर काही बघितला न्हाई, सारखी दाराकडं बघून राह्यल्ती. घरी आल्यापासून गप हाय."

मला हसावं का रडावं कळेना. काकू जालन्याची. तिच्या माहेरी पिक्चर म्हटला की शुक्रवार, हे लहान पोरालाही ठाऊक. आई आमच्या गावची. तिची गोष्ट गुरुवारची होती आणि मरेपर्यंत ती गुरुवारचीच राहणार. दोघीही एकमेकींसाठी आल्या होत्या, दोघींनीही जागा धरली होती, आणि दोघीही आपापल्या जागी अगदी बरोबर होत्या.

भाजी तिथंच टाकून मी घरी पळाले. आई चपला घालत होती. उभ्या उभ्याच तिला सगळं सांगितलं. ती खाली बसली.

"पिशवी ठिवल्ती?"

"हो."

"शेजारच्या खुर्चीवर?"

"हो गं माय, हो. भांडलीसुद्धा."

आई हसली. रडत रडत हसली. मला तिचं हे तोंड टेम्पोच्या दिवसाआधीचं आठवतं, नंतरचं नाही.

"चल," मी म्हटलं, "रिक्षा करते. तिच्या दारात नको जाऊ. कोपऱ्यावर उभी राहा, मी तिला बाहेर बोलावते."

"न्हाई. ते ठरवून झालं."

मी भांडले. म्हटलं, बाबा विसरलेत, काका विसरलेत, बाभळीच्या जागी आता दुसरीच झाडं आलीत, आणि तुम्ही दोघी हे काय धरून बसलात? ती म्हणाली, "त्येंच्या जिवावर कसं उदार व्हावं माय?" आणि उठून चपलेत पाय घातला. मी स्टँडवर आणून तिला गावाकडं जाणाऱ्या घनसावंगीच्या गाडीत बसवलं. खिडकी मिळाली. खोबऱ्याची वाटी निघताना तिनं फडताळातून पुन्हा पिशवीत घातली होती, ते मी बघितलं होतं.

ड्रायव्हर चढला, गाडी सुरू झाली, तशी तिनं मला हातानं जवळ बोलावलं. मला वाटलं, मन बदललं. मी खिडकीशी गेले. ती आवाज खाली आणून म्हणाली, "तू मास्तरीण हायेस, पेपर वाचतीस, तुला ठाऊक असंल. ह्याच्या पुढचा पिक्चर काढणार हायेत का न्हाई?"

"काढतील, माय," मी म्हणाले. "काढावाच लागंल."