बांगड्यांचा रकाना

मला रकाने आखायला लहानपणापासून आवडायचं. पट्टी धरून ओढलेली शाईची सरळ रेघ दिसली की जिवाला बरं वाटायचं. पुढं जे झालं त्याचं खापर मी दुसऱ्या कुणावर फोडत नाही. पण सुरुवात त्या पट्टीपासून झाली, एवढं आधीच सांगून ठेवते.

जर्मन-जपानची लढाई संपून वर्ष उलटलं होतं. मी सांगलीला कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. घर वाईला. वडिलांनी बजावलं होतं, "परीक्षेपर्यंत काय ते शीक. नंतर मी स्थळांना थोपवणार नाही." पहिला वर्ग मिळाला तर पुण्याला पुढं पाठवू, असंही एकदा त्यांच्या तोंडून निघून गेलं होतं, आणि तेवढंच मी घट्ट धरून बसले होते. अर्थशास्त्राच्या सरांनी त्या वर्षी नवं खूळ काढलं. पुस्तकातून उतरवलेला निबंध चालणार नाही. गावात जाऊन, माणसांना विचारून लिहायचा. माझा विषय ठरला तो असा: फौजेत माणूस असलेल्या घरांचं राहणीमान लढाईच्या काळात सुधारलं का? उंब्रजला मावशी राहायची, काका तिथं शाळेत मास्तर, आणि त्या भागात घरटी एक माणूस पलटणीत गेलेला. गाव शोधायला लागलं नाही. अडलं ते पद्धतीवर.

सर किडकिडीत होते, बारा महिने गळ्याला मफलर. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "दोन वाटा आहेत. चार घरं धर, दिवाळीची सगळी सुट्टी त्यांच्या ओसरीवर काढ, ती बोलतील ते ऐक, मग लिही. नाहीतर प्रश्नावली कर, ऐंशी घरं फिर, खुणा कर आणि बेरीज मांड."

"मार्क कशाला जास्त पडतात, सर?" मी विचारलं. मेलीला लाज नव्हती.

ते हसले नाहीत. "दोन्हीत काहीतरी हातातून सुटतंच. काय सुटलेलं तुला चालेल, ते बघ."

मी म्हटलं, शितावरून भाताची परीक्षा करायची तर चार शितांपेक्षा ऐंशी शितं बरी. "सगळा भात एका आधणाचा असला तर," ते पुटपुटले, पण मी तोवर उठले होते. खरं सांगायचं तर मला परक्यांच्या ओसरीवर बसायची भीती वाटत होती. काय बोलायचं त्यांच्याशी? हातात कागद असला की माणसाला तोंड लपवायला जागा मिळते. रात्रंदिवस बसून मी प्रश्नावली केली. चहा, साबण, साखर, लुगडी, कंदील, बांगड्या, अशी उभी यादी. प्रत्येकासमोर तीन रकाने: वाढले, घटले, होते तसे. शेवटी एक अरुंद रकाना, शेरा. त्यात काय लिहायचं ते मला माहीत नव्हतं. कागद भरलेला दिसावा म्हणून ठेवला होता.

मावशीनं कागद पाहून नाक मुरडलं. "उंटावरून शेळ्या हाकायला आलीस होय गं? बायकांशी बोलायचं तर चूल बघावी, पोर मांडीवर घ्यावं. असं पोस्टमनसारखं दारात उभं राहून कोण सांगणार तुला?"

पण सांगायच्या. कुणी गुळाचा खडा पुढं करायचं, कुणी मला रेशनची बाई समजून गाऱ्हाणी सुरू करायचं. मी एका घराला पाव तास देत होते. कुणी आडवळणाला लागलं की "तेवढं राहू द्या, पुढचं सांगा," म्हणायचे. आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

सातव्या की आठव्या दिवशी, ऊन कलायच्या सुमाराला, गावाच्या नदीकडच्या टोकाला एका घरी गेले. सोप्यात एक बाई शेंगा फोडत बसली होती, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. भिंतीला टेकून तिची सासू. मी उभ्या उभ्याच सुरू केलं. घरातलं कोण फौजेत? मालक. कुठं? ती म्हणाली, "लांब, बरम्याकडं गेलं हुतं. मागं कागुद आला, सापडत न्हाई म्हून. सापडत न्हाई म्हंजी काय, ताई? चुकलेलं ढोर हाय व्हय त्ये?"

मी 'सापडत नाही' एवढं लिहून घेतलं. ज्याचं उत्तर येत नाही ते ओलांडायची मला सवय झाली होती. चहा? "न्हाई." साबण? "हुता तसाच." कंदील? "हाय त्योच."

"बांगड्या?"

तिनं एक शेंग उचलली. हातातली शेंग फुटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "वाढल्या."

मी खूण केली. मान वर केली नाही. कागदावर नीट खूण करायची तर मान खालीच घालावी लागते.

मी निघणार तेवढ्यात तिनं विचारलं, "ताई, ह्यो कागुद सरकारात जातो का?" कॉलेज, निबंध, सर, हे सगळं कोण समजावत बसणार? आणि खोटं कशाला बोलू, त्या प्रश्नानं माझी कॉलरही ताठ झाली होती. मी म्हटलं, "हो, वरपर्यंत जातो." ती झटकन उठली. देवाच्या तसबिरीमागनं एक चौघडी घातलेला कागद काढून आणला, त्यावर नवऱ्याचा पलटणीतला नंबर होता. "मग येवढं इचारा. हाय का न्हाई, येवढंच. लय न्हाई मागत." मी तो नंबर शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीनं उतरवला. उत्तर कवा येईल म्हणाली. "येईल की, महिन्या-दोन महिन्यांत," असं म्हणून मी पुढच्या दाराला गेले.

सांगलीला आल्यावर बेरजा केल्या. काय झकास आकडे जमले होते! तांबडी शाई, निळी शाई. फौजी घरांत चहा वाढला, साबण वाढला, आणि सगळ्यांत जास्त वाढल्या बांगड्या. त्यावर मी दोन पानं लिहिली. बायकांच्या हातात चार पैसे खेळू लागल्याची ही खूण आहे, वगैरे. नंबर मात्र पक्क्या प्रतीत उतरवला नाही, कारण पक्क्या प्रतीत शेऱ्याचा रकानाच ठेवला नव्हता.

माघ महिन्यात सरांनी मूळ कागद मागवून घेतले. एकेक चाळत ते एका ठिकाणी थांबले. "हिचा नवरा सापडत नाही असं लिहिलंयस. आणि बांगड्या वाढल्या?"

"हो सर, तिनंच—" एवढं बोलले आणि पाठीतला एक जुना धपाटा आठवला.

मी सहा-सात वर्षांची असेन. कृष्णेच्या घाटावर पाय घसरून माझ्या हातातल्या दोन बांगड्या गेल्या. मी रडत घरी येऊन म्हटलं, बांगड्या फुटल्या. आईनं पाठीत धपाटा घातला. "फुटल्या म्हणू नये कार्टे! वाढल्या म्हणावं!" मंगळसूत्र तुटत नाही, वाढतं. बांगडी फुटत नाही, वाढते. बाईमाणसाला हे शिकवावं लागत नाही, आणि मी तर धपाटा खाऊन शिकले होते. तरी मी खूण केली. तिनं मला सांगितलं होतं की एकेक करून फुटल्या आणि पुन्हा भरल्या नाहीत, आणि मी ते राहणीमानात घातलं.

सरांना मी सगळं सांगितलं, "वरपर्यंत जातो" म्हणाले होते तेसुद्धा. त्यांनी मफलर सारखा केला. "बाकीच्यांच्या 'वाढल्या' कुठल्या?" त्यांनी विचारलं. कुणाच्या जास्त झाल्या आणि कुणाच्या फुटल्या, हे त्या कागदांवरून आता देवालासुद्धा सांगता आलं नसतं. "तो रकाना काढून टाकता येईल," ते म्हणाले. "पण त्या बाईला काय सांगणार आहेस?"

परीक्षा दीड महिन्यावर होती. मी मिरजेहून कऱ्हाडची गाडी धरली, तिथून मोटारीनं उंब्रज. मावशीनं दारातच ऐकवलं, "आलीस का? अगं, नदीकडची ती बाई दर बाजाराला इथं येऊन बसते. कालेजातल्या ताईंचं उत्तर आलं का म्हणून विचारते. काय कबूल करून बसलीयस तू?"

तिच्या घरापाशी पोचले तर आधी आवाज आला. ती जोंधळा पाखडत होती, आणि सुपाच्या प्रत्येक हेलकाव्याला बांगड्या वाजत होत्या. दोन्ही हात मनगटापासून हिरवे. मला बघून ती हसली.

"आलं उत्तर?" म्हणाली. मग माझी नजर कुठं आहे ते बघून हात पुढं केले. "भरल्या की. तुमी गेल्यावर दुसऱ्या दिशीच भरल्या. दोन वर्सं कासारीण आमच्या दारावरनं म्होरं जायाची, हळदीकुंकवाला कुनी बोलवायचं न्हाई. मी म्हनलं, सरकार बांगड्यांचं इचारतंय म्हंजी मानूस हाय. न्हाईतर कशाला इचारंल? आता लिवा ताई, बांगड्या वाढल्या म्हून. आता खऱ्याच वाढल्यात."

त्या दिवशी मी कागद काढला नाही. तिच्यासमोर बसले. आणि सांगितलं की तो कागद सरकारात जात नाही, कधीच जाणार नव्हता. तो माझ्या ट्रंकेत आहे. मी विद्यार्थिनी आहे, मार्क मिळावेत म्हणून फिरत होते.

सूप थांबलं. सासू भिंतीपासनं पुढं सरकली. "आगं, मग ह्या पोरीनं बांगड्या भरल्या त्या कुनाच्या जोरावर? गाव काय म्हनंल?"

"ऱ्हाऊ द्या, आत्याबाई," ती म्हणाली. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती नुसती जोंधळ्यातले खडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग आता तरी लिवा."

पलटणीच्या कचेरीला मी तिथंच बसून इंग्रजीत पत्र लिहिलं. नंबर दोनदा पडताळून घातला, उत्तराचा पत्ता मावशीचा दिला. तिनं अंगठा उठवला. मी उठले तेव्हा माझ्यामागं दारापर्यंत आली आणि सासूला ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं, "उत्तर यीस्तवर ऱ्हाऊ दिऊ न्हवं हातात?"

"राहू द्या," मी म्हटलं.

निबंधातली बांगड्यांवरची दोन पानं मी काढून टाकली. बाकीच्यावर पहिला वर्ग मिळाला. वडिलांनी दिलेला शब्द पाळला, पुण्याला जायचं ठरलं, आईनं लाडू केले. मी ट्रंक भरत होते त्या सकाळी मावशीचं कार्ड आलं. वरच्या चार ओळी काकांच्या संधिवाताच्या आणि पाण्याच्या. खाली, जागा उरली नव्हती म्हणून कडेनं आडवं लिहिलं होतं: "त्या बाईचं उत्तर आलं. तुझ्या काकांनी वाचून दाखवलं. तो माणूस तू पहिल्यांदा गेलीस त्याच्या आधीच गेलेला होता. काल तिच्या बांगड्या वाढवल्या."

मावशी सवाष्ण होती, तिनं दुसरा शब्द लिहिला नसता. मी ते कार्ड हातात घेऊन ट्रंकेवर बसून राहिले. रिकाम्या झालेल्या हातांत नव्या बांगड्या मी भरायला लावल्या होत्या. ती आधीच एकदा त्यातून गेली होती, दोन वर्षांत एकेक करून, कुणाला न सांगता. दुसऱ्यांदा तिला सगळ्या गावासमोर जावं लागलं, ते माझ्या रकान्यापायी.

आता माझ्या हातात काचेच्या दोनच असतात. धुणं-भांडी करताना त्यातली एखादी जाते. सून लगबगीनं म्हणते, "अगंबाई, वाढली का?"

"फुटली," मी म्हणते. तिला ते आवडत नाही.