हलगीची थाप ओळखणारे भालेराव सर

शिरूरच्या महाविद्यालयात मी पदार्थविज्ञान शिकवत होते, तेव्हा भालेराव सर प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून रुजू झाले. पहिल्याच आठवड्यात विद्युतलहरी पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप उघडून टेबलावर पसरलेला दिसला. "परवानगी घेतलीत?" मी विचारले.

"मॅडम, बंद पडून चार वर्षं झाली. आता बिघडायचं काय राहिलंय?"

संध्याकाळी तो चालू झाला. मी परवानगीचा कागद मागून घेतला, तो भाग वेगळा.

निवृत्तीनंतर सरांनी यवतच्या घरी एका खोलीत मोड्युलर सिंथेसायझरची सर्किटे करायला घेतली. हा सिंथेसायझर म्हणजे वायरींनी जोडलेले सुटे डबे. प्रत्येकाचे काम वेगळे. सरांचा हातखंडा एन्व्हलप फॉलोअरमध्ये. बाहेरचा आवाज जसा चढेल-उतरेल तसे व्होल्टेज हा डबा देतो आणि त्यावर सिंथेसायझरचा आवाज उघडतो, मिटतो. त्यातला विद्युतभार साठवणारा कपॅसिटर मोठा घेतला तर पहिल्या थापेचे व्होल्टेज ओसरण्याआधी दुसरी थाप येते. लहान घेतला तर व्होल्टेज थरथरते. या दोहोंमधले मूल्य शोधण्यात सर महिना घालवतात. नोंदी ठेवायला मी तिथे जाते.

वडगाव रासाईचे दामूआप्पा हलगीवाले. अर्धांगवायूनंतर त्यांच्या हातातला जोर गेला. ताफ्यातली माणसे म्हणाली, "आप्पा, आता बसून ऐका." ते सरांना कळले. आप्पांच्या लहानमोठ्या थापांत फरक अगदी थोडा उरला होता. माइकने सगळ्याच सारख्या मोठ्या झाल्या असत्या. सरांनी तो फरक ताणून दाखवणारा फॉलोअर केला. गावच्या यात्रेतला कार्यक्रम ही आप्पांची शेवटची संधी होती. नीट झाले नाही तर ताफ्यातून नाव जाणार होते.

चार दिवस आप्पा यवतला येऊन वाजवत होते आणि सर थापांचे माप घेत होते.

यात्रेत आप्पांनी उसाचे पाचट पेटवून हलगी शेकली आणि पहिली थाप मारली. सिंथेसायझर एकदा उघडला तो मिटेचना. नुसता भोंगा.

"आप्पा, ट्रकचा हॉर्न बसवला काय?" मागून कुणीतरी ओरडले. लोक हसले. सर वायरी तपासू लागले.

"वायर न्हाई हो सर," आप्पा हळूच म्हणाले. "तुम्ही गार हलगीचं माप घेतलं. शेकल्याबिगर हलगी बोलती व्हय? शेकली की कातडं ताणतं, थाप मोठी व्हती."

"मग चार दिवस बोलला का नाहीत?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिले. "बाई म्हणल्या, खोलीत जाळ करायचा न्हाई."

नियम माझाच होता. खोलीतल्या थिनरच्या बाटल्यांपाशी जाळ नको, हे मी आजही म्हणेन. पण अंगणात चला, एवढे सुचायला हवे होते.

सरांनी माइक घेतला. "चूक माझी आहे, आप्पांची नाही. दहा मिनिटं द्या." मग ते जाळाशेजारी मातीत बसले. आप्पा थाप मारत, सर डब्याचा बारीक स्क्रू फिरवत. हलगी निवली की पुन्हा शेक. दहाची वीस मिनिटे झाली, पण कुणी उठले नाही. नंतर आप्पा वाजवू लागले, तेव्हा हलकी थाप हलकी आणि भारी थाप भारी ऐकू आली. हॉर्न म्हणणाराच पुढे येऊन बसला. आप्पा अजून ताफ्यात आहेत.

मला स्तुती जमत नाही. चारचौघांत आपली चूक सांगून लगेच कामाला बसणारी माणसे मी फार पाहिलेली नाहीत, इतकेच लिहिते.

सरांना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. आप्पा ऐंशीचे. त्यांनी सरांच्या या गौरव अंकासाठी निरोप दिला आहे: "सरांना म्हणावं, माझ्या आधी जायचं न्हाई. डबा बिघडला तर मी कुणाकडं जाऊ?" आणि आप्पांचा अजून वीस वर्षे वाजवायचा विचार आहे. सरांनी त्याप्रमाणे तब्येत सांभाळावी.