रंग न धरलेला तुकडा

आमच्या शिवाजी पेठेत बाईला काही झालं की सल्ला एकच, पिशवी काढून टाका! जशी काय ती बाजारची पिशवी. माझ्या गर्भाशयाच्या तोंडाशी कर्करोगाआधीचे बदल सापडले, तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्यांनी, तेच लावून धरलं. "कशाला जिवाशी खेळ? समदी पिशवीच काढा की." मला तर मूल हवं होतं. माझं डोकंच फिरलं. "माझी पिशवी हाय, मी ठरवीन!" मी ओरडले. घरात दोन दिवस अबोला.

डॉक्टरीणबाईंनी मात्र शांतपणे समजावलं. असे बदल पुष्कळदा आपोआप मावळतात, काही पुढं सरकतात. कुठले सरकतील याचा अंदाज यावा म्हणून काढलेल्या तुकड्याला एक खास रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पेशींनी तपकिरी रंग दाट धरला तर धोका जास्त, मग तेवढाच भाग काढायचा. नाही धरला तर सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचं.

घरी आमच्या ह्यांनी आईला एवढंच सांगितलं, "रंग लावून बघणार हायत." झालं! आत्या रोज देव्हाऱ्यासमोर पुटपुटायला लागल्या. मला वाटलं, चला, सासू वळणावर आली.

दवाखान्यातनं फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात उडीच मारली. "आत्या, रंग धरलाच न्हाई!"

आत्या मटकन खाली बसल्या आणि त्यांनी गळाच काढला. "आरं देवा! म्या जोतिबाला नवस बोललाय, रंग चांगला चढू दे म्हणून!"

मेंदी रंगली की नशीब चांगलं, तसंच हेही असणार, असा त्यांचा समज. "अवो, उलटं मागितलंसा की!" हसता हसता मला रडूच फुटलं.

नवस तरीही फेडला. जोतिबाच्या डोंगरावर गुलाल उधळत आत्यांनी मोठ्यानं सांगितलं, "देवा, माझं ऐकलं न्हाईस, लई ब्येस केलंस!" शेजारचं पावणं बघतच राहिलं.

पायऱ्या उतरताना त्या हळूच म्हणाल्या, "माझी पिशवी तुझ्याच वयात काढली गं. अंगावरनं पांढरं जातंय म्हटलं, काढली. आत काय हाय, कुणी बघितलं बी न्हाय."

मी त्यांचा हात धरला. गुलालानं दोघींचे हात लाल झाले होते.

"सहा महिन्याची तपासणी चुकवायची न्हाय," त्यांनी दटावलं. "मी बी येणार संगं. बघू दे मला, बघत्यात कसं ते."