मानाची फळी

लायप्झिगच्या त्या भाड्याच्या बागांमध्ये रोझविटा कूनाटच्या तुकड्यात गवताचं पातंही वाकडं उगवायला घाबरायचं. जन्मभर ट्राम चालवलेली बाई, रेघ सोडून जाणं तिला ठाऊकच नव्हतं. बागसंघ दरवर्षी सर्वांत नीटनेटक्या बागेला मानाची फळी द्यायचा. जुन्या ओकची, चांगली जाडजूड. नावाला ती फिरती होती, पण हटायची नाही रोझविटाच्या फाटकावरून.

आणि मग तिची चेरी रुसली. फुलायची भरभरून, फळांच्या नावाने मात्र ठणठणाट. फुलांवर मधमाशीच फिरकत नव्हती! रोझविटाने लाकडातल्या भोकांत घरटी करणाऱ्या रानमाश्यांसाठी लाल छपराचं घर बांधलं, त्यातल्या ओंडक्यांना भोकं पाडली. वर्ष गेलं, कोणी आलं नाही.

शेजारचा एकेहार्ड संघाचा अध्यक्ष. कुंपणावरून म्हणाला, "हॉटेल झकास झालंय गं. गिऱ्हाईक कुठंय?"

"शेजार बघून परत गेलं असेल."

टोला दिला खरा, पण मनातून ती खट्टू झाली. ओंडके ओले होते, वाळताना तडकले. भोकांत कुसळं राहिली होती; त्यात पंख फाटून घ्यायला कोण येणार? आणि आली तरी चेरीचा बहर सरल्यावर खाणार काय? ज्या स्वच्छतेची तिने इतकी मिजास केली, तीच चेरीच्या मुळावर उठली होती. हे मान्य करताना तिला रडू आलं.

मग तिने एक कोपरा मोकाट सोडला. रानफुलं माजली, वाळकी देठं उभी राहिली. आता हवं होतं कठीण, मुरलेलं लाकूड. ते सगळ्या बागांत एकाच ठिकाणी होतं, तिच्याच फाटकावर. तिने फळी उतरवली, भोकं पाडली, प्रत्येक तोंड घासून गुळगुळीत केलं आणि खोपटाच्या वळचणीला उन्हात टांगली.

जूनमध्ये समिती पाहणीला आली. एकेहार्डने कोपरा बघून कपाळाला हात लावला.

"रोझविटा, हे काय रान माजवलंयस? यंदा फळी दुसरीकडे जाणार. काढून दे."

"तूच काढ की. स्टूल देते."

तो चढला आणि तसाच थांबला. आत अंडी घालून माश्यांनी फळीच्या भोकांना मातीची बुचं बसवली होती. एक माशी पोटाला पिवळे पराग माखून त्याच्या नाकासमोरून आत शिरली.

"मागच्या सभेत तूच कायदा वाचून दाखवलास ना," रोझविटा म्हणाली, "रानमाशीचं बिऱ्हाड मोडलं तर दंड म्हणून?"

एकेहार्ड स्टुलावरून उतरला. "कधी रिकामी होईल ही?"

"वसंतात. पण रिकामी झाली की नव्या येतील."

समितीतले दोघं फिस्कन हसले. रोझविटाचा ऊर भरून आला. फळी पहिल्यांदा मिळाली होती तेव्हाही इतका आला नव्हता. तिने चेरीची फांदी खाली ओढली, फळं अध्यक्षाच्या ओंजळीत घातली. त्याने एक खाल्ली, दुसरी खाल्ली, बिया मात्र मुठीत गच्च धरून ठेवल्या. हिच्या बागेत कचरा टाकायची हिंमत आजवर कोणाला झाली नव्हती.

"टाक रे तिथंच," रोझविटा म्हणाली.