अण्णांनी घेतलेला हिरा

आई गेल्यानंतर तिसऱ्या वर्षी मुखेडहून अण्णांचा फोन आला. एक हिरा घ्यायचाय, नांदेडला येतोय, तू दुकानात सोबत चल, एवढंच म्हणाले. आमचे अण्णा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावरही हौसेचा खर्च त्यांना जमला नाही. स्वतःला शर्ट घ्यायचा तरी दोन दिवाळ्या विचार करायचे. माझी मुलगी नुकतीच बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली होती. मला वाटलं, नातीसाठीच. मी तिला काही बोलले नाही, पण मनातून फार सुखावले.

दुकानातल्या मुलीनं आधी बजेट विचारलं. अण्णांनी अंगठीसकट चाळीस हजार सांगितले. तिनं काचेवर तीन खडे मांडले आणि नीट समजावलं. एक जरा मोठा, पण पिवळसर, आत बारीक डाग. दुसरा लहान, पण अगदी स्वच्छ. तिसरा लॅबमध्ये तयार केलेला. मोठाही आणि स्वच्छही, आणि तरी सगळ्यांत स्वस्त, फक्त पुढं मोडायला गेलात तर हाती फारसं काही येणार नाही. अण्णा भिंगातून एकेक खडा बघत बसले. मी म्हटलं, लॅबमधला घ्या, कॉलेजात घालायला बरा. ते पुन्हा पिवळसर खडा उचलून बघू लागले.

मग दुकानातल्या मुलीनं बोटाचं माप विचारलं. मी लेकीचं माप सांगणार, तोच अण्णांनी पाकिटातून गाठ मारलेला दोरा काढून काचेवर ठेवला. माझ्या लेकीची दोन बोटं त्यात सहज मावली असती.

"हे कुणाचं माप?" मी विचारलं.

"सिस्टरचं," अण्णा म्हणाले. "आम्ही लग्न करायचं ठरवलंय."

सिस्टर म्हणजे आमच्या गल्लीतल्या निवृत्त नर्स. मूळच्या औशाच्या, विधवा, मूलबाळ नाही. आईच्या शेवटच्या आजारपणात रोज इंजेक्शन द्यायला त्याच येत. समोरची मुलगी काहीतरी विचारत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते. मी पर्स उचलली, बाहेर येऊन दुकानाच्या पायरीवर बसले. आणि पहिला विचार आला तो घाण होता: आई आतल्या खोलीत पडलेली असताना हे चालू होतं का?

थोड्या वेळानं अण्णा बाहेर येऊन शेजारी बसले. मी सरळ विचारलं, "आई होती तेव्हापासून?"

ते म्हणाले, "न्हाई. तुझी आई होती तवा मी सिस्टरकडं मान वर करून पाहिलं न्हाई. गेल्या पावसाळ्यात मला ताप आला, त्यानंतरचं हाय हे."

तापाचंही मला तेव्हाच, त्यांच्या तोंडून कळलं. अण्णा आठवडाभर अंथरुणात होते, उठून बसवत नव्हतं, सिस्टर उशाशी बसून होत्या. आणि मी नांदेडात, दोन तासांवर, रोज सकाळी फोनवर त्यांचं "बरं हाय" ऐकून शाळेत शिकवायला जात होते. लग्नाच्या बातमीपेक्षा हे जास्त लागलं.

हिराच का, हेही त्यांनीच सांगितलं. आईचं सोनं माझं आणि भावजयीचं. त्यातलं गुंजभरही सिस्टरना नको होतं. "तुझ्या आईकडं हिरा कधी नव्हता. म्हणजे तिचं मोडून हिला केलं, असं कुणी म्हणणार न्हाई." लातूरला भावाला आधीच सांगून झालं होतं. त्यानं मधेच फोन ठेवला होता.

माझा राग गेला नव्हता. पण ते एकटे आत गेले असते तर मोठा दिसतो म्हणून पिवळा खडा घेऊन आले असते. मी उठून त्यांच्यासोबत पुन्हा आत गेले.

"लहान घ्या, स्वच्छ आहे तो," मी म्हटलं. "अन् कोंदण खोल असू द्या. त्यांचा हात सारखा कामात असतो, वर आलेला खडा अडकेल."

बोलून गेले आणि माझी मीच दचकले. अण्णांनी तो लहान खडा मुलीकडे सरकवला.

लग्न नांदेडलाच, रजिस्टर पद्धतीनं झालं. भाऊ आला नाही. भावजय मात्र सकाळच्या बसनं लातूरहून एकटीच आली, सिस्टरना साडी नेसवली आणि संध्याकाळच्या बसनं परत गेली. घरी काय सांगून आली होती, ते मी विचारलं नाही.

भावानं अजून मुखेडच्या घरात पाऊल ठेवलेलं नाही. महिन्यातून एकदा मला फोन करून अण्णांच्या बीपीचं विचारतो. मी दिवाळीत गेले होते. आईचे डबे फळीवर जिथल्या तिथं होते. सिस्टरनी चहा दिला आणि साखर बरोबर झाली का, असं विचारलं. झाली होती. मी मान हलवली; त्यांना काय म्हणून हाक मारावी ते मला सुचेना.