विषय क्रमांक नऊ

व्हर्ना किल्गोर पहिल्या दिवशी वर्गात शिरली तेव्हा मला वाटलं, कुणाची तरी आई घरी राहिलेली किल्ली द्यायला आली असेल. वय छप्पन्न, अंगात शाळेच्या स्वयंपाकघरातला निळा कोट, पायात न घसरणारे काळे बूट. ती पहिल्या रांगेत बसली आणि वही उघडून वाट बघू लागली.

आमचं कॉलेज टेक्सासच्या डोंगराळ भागातल्या हॅस्लर काउंटीत आहे, दोन वर्षांच्या पदवीचं. नर्स व्हायचं असो की हिशेबनीस, 'देशाचं आणि राज्याचं सरकार' हा विषय इथे कुणालाच चुकत नाही. एकवीस वर्षं तो मी शिकवतो आहे आणि पोरं तो एरंडेलासारखा नाक दाबून घेतात.

सवयीप्रमाणे मी प्रत्येकाला विचारलं, हा विषय का घेतलास? टकर नावाचा आगाऊ पोरगा म्हणाला, "जबरदस्ती आहे म्हणून, सर." सगळे हसले. व्हर्ना म्हणाली, "काउंटी रोड तीनशे अठरावरची फरशी नेमकी कुणाच्या ताब्यात आहे, ते मला हवंय."

मग कुणी हसलं नाही. वर्गातल्या निम्म्या पोरांना ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात ओढ्यावरच्या त्या फरशीवरून, पाऊस झाला की पाण्याखाली जाणाऱ्या त्या बुटक्या पुलावरून, तिची मुलगी शेल्बी गाडीसकट वाहून गेली होती. चोवीस वर्षांची होती. दुपारचे चार वाजले होते.

व्हर्नाला तिथे गेट हवं होतं. ओढ्याला पाणी चढलं की रस्त्यावर आडवं करता येईल असं साधं लोखंडी गेट. त्यासाठी ती दोन वर्षं दारं झिजवत होती. राज्याचं रस्ते खातं म्हणालं, रस्ता काउंटीचा. काउंटीतली बाई म्हणाली, ओढ्याचा प्रश्न आहे, वर विचारा. वॉशिंग्टनला बसणाऱ्या आमच्या खासदाराकडून छापील पत्र आलं, त्यात तिचं नाव चुकलेलं. हे सगळं ती बटाटे सोलता सोलता सांगावं तसं सांगायची. आवाज चढत नसे, डोळे भरत नसत. शेल्बीचं नाव घेतानाही तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. तिच्या वाटचा राग मलाच यायचा, आणि तो कुणावर काढावा ते कळायचं नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी फळ्यावर नेहमीचा तीन थरांचा केक काढला. वर देश, मध्ये राज्य, खाली काउंटी आणि शहरं.

"सर, खायला कधी मिळणार?" टकरनं विचारलं.

"तू पास झालास की. म्हणजे कधीच नाही."

व्हर्नानं हात वर केला. "फरशी यातल्या कुठल्या थरात?"

"सगळ्यात खालच्या. पण तो धडा शेवटी आहे."

हे मी एकवीस वर्षं सांगत आलोय. खरं सांगायचं तर तो धडा मी कधी धड शिकवलेलाच नाही. राज्यघटना, राष्ट्राध्यक्ष, सुप्रीम कोर्ट यांत मी रमतो, बारा आठवडे तिथेच जातात, आणि काउंटीची पाळी आली की "हे घरी वाचा" म्हणून मोकळा होतो. कुणी तक्रार केली नाही. काउंटीवर कोण तक्रार करणार?

पण व्हर्ना तास संपल्यावर थांबायची. मी तिला जुने नकाशे कुठे मिळतात ते सांगितलं. सहाव्या आठवड्यात तिनं ते शोधून काढलं: रस्ता काउंटीचा, फरशी काउंटीची, गेटही काउंटीनंच बसवायचं. मग मी सांगितलं, निवडून आलेले चार कमिशनर आणि काउंटीचा जज दर दुसऱ्या सोमवारी सभेला बसतात. हा जज खटले फारसे चालवत नाही, रस्ते आणि खडी बघतो. तुझ्या भागातल्या कमिशनरला सांगून विषय सभेच्या पत्रिकेवर घे. पत्रिकेवर नसेल तर ते ऐकून घेतील, पण तुझ्याशी एक शब्द बोलू शकणार नाहीत, असा कायदाच आहे.

तिनं सगळं केलं. चर्चच्या जेवणात गोड पीच कॉबलरची परात घेऊन टेबलाटेबलावर फिरली आणि गेटच्या अर्जावर एकशे सहा सह्या जमवल्या. तिचा कमिशनर मर्ल हिकॉक, शाळेत तिच्या मागच्या बाकावर बसायचा. त्यानं तिला मिठीच मारली. "व्हर्ना, विषय घातलाच म्हणून समज!" आणि खरंच घातला. विषय क्रमांक नऊ. तिनं तीन मिनिटांचं बोलणं कागदावर लिहिलं. रिकाम्या वर्गात मी घड्याळ धरलं आणि तिनं ते चारदा वाचलं. शेल्बीबद्दल त्यात एकच वाक्य होतं.

सोमवारी सकाळी मीही गेलो. आधी प्रार्थना झाली. मग उभं राहून देशाच्या झेंड्याला शपथ, मग टेक्सासच्या झेंड्याला शपथ. सगळे बसले. जज चष्मा पुसत म्हणाला, "तीन ते चौदा, एकत्रित मंजुरीचे विषय. सूचक? अनुमोदक? बाजूनं? मंजूर."

चाळीस सेकंदसुद्धा लागली नसतील. किरकोळ कामांचा असा गठ्ठा करून एका दमात उरकतात, ही इथली जुनी पद्धत. कुणी कमिशनर म्हणाला की हा विषय बाहेर काढा, तरच त्यावर बोलणं होतं. मला हे माहीत होतं. तिला सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. उठून उभं राहायला हवं होतं, पण मी बसून राहिलो आणि तोवर ते पंधराव्या विषयावर गेलेही.

खडीचे ट्रक झाले, जत्रेचा विमा झाला, कुत्र्यांचा कोंडवाडा झाला. व्हर्ना मांडीवर कागद घेऊन ताठ बसली होती. दोन तासांनी जजनं हातोडा आपटला. लोक उठले.

"सर, आपला नववा कधी येणार?"

"झाला, व्हर्ना."

"कधी?"

"सुरुवातीला. गठ्ठ्यात."

"काय ठरलं मग?"

"तुझा अर्ज मिळाला, एवढंच ठरलं."

तिनं कागदाची घडी घातली. तेवढ्यात मर्ल हसत हसत आला. "बघ, झालं की नाही काम! एकमतानं!" तो थट्टा करत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं, झालं.

"थँक्यू, मर्ल," ती म्हणाली.

पायऱ्या उतरताना तिनं विचारलं, "माझं काही चुकलं का?"

"नाही. नववा गठ्ठ्यातून बाहेर काढ, असं मर्लला आधी सांगायला हवं होतं."

"हे कुठल्या धड्यात आहे?"

"शेवटच्या."

"तो आपण अजून घेतला नाही."

"नाही."

"बरं," ती म्हणाली. आणि मी सकाळचं काही खाल्लंय का, असं तिनं विचारलं. तिनं मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मला स्वतःची लाज वाटली आणि अजून वाटते.

त्या वर्षी मी शेवटचा धडा पूर्ण शिकवला. तिनं शब्दन् शब्द उतरवून घेतला आणि पास झाली. नवा अर्ज करायचं ठरलं, पण पुढच्या पत्रिका आधीच भरल्या होत्या.

मेच्या अखेरीस एका दुपारी ढगफुटीसारखा पाऊस झाला. मी तीनशे अठरावरून घरी निघालो होतो. फरशीच्या अलीकडे एक जुनी पांढरी गाडी रस्त्यात आडवी उभी होती, चारी दिवे लुकलुकत. रेनकोट घातलेली व्हर्ना माझ्या काचेशी आली.

"मागे फिरा, सर."

"पाणी किती आहे?"

"बघितलं नाही. मागे फिरा. शेरीफचा माणूस दोनदा येऊन गेला. म्हणाला, रस्ता अडवणं गुन्हा आहे."

मागून एक पिकअप भोंगा वाजवत आला. ती त्याच्याकडे चालू लागली. तिची गाडी लहान होती, पलीकडे अर्धा रस्ता मोकळाच होता आणि पिकअपवाल्याला तो दिसत होता. मी माझी गाडी त्या अर्ध्यात नेऊन आडवी लावली आणि उतरलो.

पाणी उतरायला सव्वादोन तास लागले. आम्ही अकरा गाड्या परत पाठवल्या. तेवढ्या वेळात व्हर्नानं एकदाही फरशीकडे तोंड केलं नाही.